नवी सायकल जड वाटतेय? या चुका टाळा

साताऱ्यात नव्या सायकलची पहिली चक्कर बहुतेकदा राजवाडा ते पोवई नाका अशीच होते. जाताना उतार, त्यामुळे सायकल मस्त पळते. परतताना चढ लागला की मांड्या भरून येतात आणि पैसे वाया गेले की काय, अशी शंका येते. लगेच कुणीतरी सांगतंच, "वरचं मॉडेल घ्यायला हवं होतं." एवढ्यात मत बनवू नका. पहिल्या आठवड्यातल्या बऱ्याच तक्रारींचं मूळ जोडणीत, हवेत आणि सीटच्या उंचीत असतं.

सीटपासूनच सुरुवात करा, कारण सर्वाधिक चूक इथेच होते. दोन्ही पाय जमिनीला टेकले पाहिजेत म्हणून दुकानातच सीट खाली करून घेतली जाते. मग गुडघा कायम दुमडलेला राहतो, जोर लागत नाही आणि थोड्या वेळात वाटी दुखायला लागते. भिंतीला हात टेकून सीटवर बसा, पायडल अगदी खाली आणा आणि त्यावर टाच ठेवा. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. चालवताना टाचेऐवजी चवडा पायडलवर येतो, तेव्हा गुडघ्यात थोडा बाक आपोआप राहतो. पायडल मारताना कंबर दोन्हीकडे डुलत असेल तर सीट जास्त वर गेली आहे. थांबायचं असेल तेव्हा सीटवरून पुढे उतरा, पाय टेकवा. आणि सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची खूण असते, ती बाहेर दिसता कामा नये.

हवा अंगठ्याने दाबून ठरवू नका. टायरच्या कडेला पीएसआयचा, म्हणजे हवेच्या दाबाचा, आकडा छापलेला असतो, तेवढ्याच मर्यादेत मीटरवाल्या पंपाने भरा. हवा कमी असेल तर महागडी सायकलही रेटावी लागते.

खोक्यातून आलेली सायकल घरी जोडली असेल तर पुढचं चाक धरणारा चिमटा नीट बघा. तो कधीकधी उलटा बसवलेला दिसतो, आणि ही चूक धोक्याची आहे. पुढचा डिस्क ब्रेक, म्हणजे चाकाच्या मधल्या तबकडीला धरणारा ब्रेक, चालवणाऱ्याच्या डाव्या हाताला हवा. उजवीकडे दिसला तर चिमटा फिरवलेला आहे. ती सायकल तशी चालवू नका. पायडलचंही तसंच. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. उजवं पायडल डावीकडे जबरदस्तीने पिळलं की क्रँकचे, म्हणजे पायडल ज्यात बसतं त्या दांड्याचे, आटे जातात. पायडलवर एल आणि आर कोरलेलं असतं, तेवढं वाचलं तरी पुरे.

गिअर दोन-चार दिवसांत कटकट करू लागले तर घाबरू नका. नवी केबल आणि तिचं आवरण बसायला वेळ लागतो, ताण कमी होतो आणि चेन मोठ्या चक्रावर चढायला कुरकुरते. मागच्या डिरेलरपाशी, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागापाशी, केबल जिथे शिरते तिथला छोटा गोल स्क्रू अर्धा फेरा बाहेर सोडा, पायडल फिरवून बघा, गरज पडली तर आणखी अर्धा. पुढचं सगळ्यात मोठं आणि मागचंही सगळ्यात मोठं चक्र एकदम लावू नका. चेन तिरकी ओढली जाते.

सगळ्यात कळकळीने सांगायचं ते ब्रेकबद्दल. पहिल्याच रविवारी समर्थ मंदिरावरून यवतेश्वरचा घाट चढायची हौस अनेकांना असते. चढणं एकवेळ जमेल, पण उतरताना कोरे डिस्क ब्रेक हवे तसे धरत नाहीत. आधी मोकळ्या सपाट रस्त्यावर वेग घ्या आणि ब्रेक हळूहळू दाबत चालण्याच्या वेगापर्यंत आणा. चाक पूर्ण जाम करू नका. पुढच्या-मागच्या ब्रेकला वेगवेगळं, पंधरा-वीस वेळा असं केलं की डिस्कला घासणारे ब्रेकचे पॅड नीट बसतात. घाटात ब्रेक सलग दाबून ठेवू नका, तापतात. वळणाआधी दोन्ही मिळून दाबा, वेग कमी करा, सोडा. चेनला तेल घालताना डिस्कवर शिंतोडा उडू देऊ नका. स्प्रेपेक्षा थेंबाथेंबाने घालायची बाटली बरी. डिस्कला तेल लागलंच तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने स्वच्छ कापड भिजवून पुसा. पॅडनेच तेल पिऊन घेतलं असेल तर पॅड बदला आणि मगच कास पठाराकडे निघा.