डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतंय आणि वरून पाणीही येतंय? माझा अनुभव

नागपूरचा मे महिना, रात्रभर कूलर, दिवसभर स्क्रीन. डोळे चुरचुरायचे, संध्याकाळी अक्षरं धूसर दिसायची; पापणी मिटली की क्षणभर स्पष्ट. पाणी येतं म्हणजे कोरडेपणा नाही, असं सगळे सांगायचे. उलट आहे. कोरड्या डोळ्याची जळजळ होते म्हणूनच पाणी येतं.

गुलाबजल घातलं, आणखी झोंबलं. लाली घालवणारे ड्रॉप्स रक्तवाहिन्या आकसवतात. असर ओसरला की डोळे परत लाल. वैताग आला होता.

शेवटी मेडिकलमधून कार्बोक्सीमिथाइलसेल्युलोज ०.५ टक्के, म्हणजे डोळे ओले ठेवणारे कृत्रिम अश्रूंचे ड्रॉप्स आणले. हात साबणाने धुवायचे. मान मागे, खालची पापणी बोटाने ओढून खळगा करायचा, त्यात एकच थेंब. दुसरा गालावरच येतो. बाटलीचं टोक पापणीला लागू द्यायचं नाही. मग डोळा अलगद मिटून नाकाजवळचा कोपरा मिनिटभर दाबायचा, नाहीतर औषध घशात उतरतं. मिचकवायचं नाही, इथेच बरेच जण गडबडतात. दुसरं औषध असेल तर दहा मिनिटांनी.

जळजळ सुरू व्हायची वाट न बघता सकाळ, दुपार, संध्याकाळ, झोपताना घातले आणि कूलरचा झोत पायांकडे वळवला, तेव्हा कुठे फरक पडला. दिवसातून चारपेक्षा जास्त वेळा लागत असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले मागा. उघडलेली बाटली साधारण महिन्याने टाकून द्यायची. मी लेबलवर तारीख लिहितो. दुखत असेल, उजेड सहन होत नसेल किंवा नजर कमी झाली, तर थेट डोळ्यांचे डॉक्टर.