सिनेमा नक्की कुणाचा? हे भांडण नीट कसं करावं

सिनेमा संपला की आधी रिमोट खाली ठेवा. ओटीटीवर नावं सुरू होताच कोपऱ्यात पुढच्या सिनेमाची चौकट उगवते आणि काही सेकंदांत शंभरेक माणसं गायब होतात. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करून टाका. जुन्या हिंदी-मराठी सिनेमांत नावं सुरुवातीलाच येतात, तेव्हा चहा टाकायला उठायचं ते नंतर उठा.

मी मराठी मालिकांची एडिटर. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या सेटवरून येणाऱ्या रशेसवर, म्हणजे न कापलेल्या फुटेजवर, माझा संसार चालला. टेलिकास्ट अंगावर आला की मालिकेत दोन युनिटं एकदम लागतात. एकीकडे मुख्य दिग्दर्शक, दुसरीकडे त्याचा असोसिएट, म्हणजे हाताखालचा दिग्दर्शक. रात्री माझ्या टाइमलाइनवर दोघांचं फुटेज शेजारी शेजारी बसतं आणि टायटलला नाव एकाचंच जातं. त्यामुळे ‘अमक्याचा सिनेमा’ असं कुणी म्हटलं की माझा हात आपोआप पॉजकडे वळतो.

पण आमच्या नौपाड्यातल्या सोसायटीच्या हॉलवर रविवारी सिनेमा बघायला येणारी कॉलेजची मुलं दुसऱ्या टोकाला गेली आहेत. ‘काकू, गुरुदत्तने केलं काय? लिहिलं अब्रार अल्वींनी, कॅमेरा मूर्तींचा, चाली बर्मनदांच्या.’ हेही मला पटत नाही. श्रेय काढून घ्यायलाही तेवढीच मेहनत लागते जेवढी द्यायला लागते.

म्हणून पहिला नियम असा: अख्ख्या सिनेमावर भांडू नका. एक प्रसंग उचला आणि त्यात कोणी काय केलं, ते क्रियापदासकट सांगा. ‘शोले’तला सज्ज्यातल्या दिव्यांचा प्रसंग घ्या. वर जया भादुरी, खाली माउथ ऑर्गन वाजवणारा अमिताभ. तो उजेड सूर्य मावळल्यावर थोडाच वेळ टिकतो, म्हणून हा छोटासा प्रसंग कित्येक संध्याकाळी थोडा थोडा करून घेतला गेला. तो उजेड पकडला कॅमेरामन द्वारका दिवेचांनी. एवढ्या संध्याकाळी एका प्रसंगावर खर्च होऊ दिल्या दिग्दर्शक रमेश सिप्पींनी, आणि पैसे होते त्यांचे वडील जी. पी. सिप्पींचे. तीन माणसं, तीन वेगळी कामं. ‘सिप्पींचा शॉट’ म्हणालात तर दिवेचा पुसले जातात आणि ‘दिवेचांचा शॉट’ म्हणालात तर ती हिंमत कुणाची होती ते कळत नाही. जाता जाता, या सिनेमाला तेव्हा फिल्मफेअरचं एकच पारितोषिक मिळालं, ते संकलनाचं, एम. एस. शिंदे यांना. हॉलवर हे सांगितलं की अजूनही कुणीतरी फोन काढून तपासून बघतं. बघू द्या.

दुसरी पायरी वजाबाकीची. साथीदार नसताना दिग्दर्शक कसा दिसतो आणि दिग्दर्शक नसताना साथीदार कसे दिसतात, ते बघायचं. याला वेळ लागतो, निदान दोन-तीन रविवार राखून ठेवा.

गुरुदत्तपासूनच सुरुवात करू. ‘साहिब बीबी और गुलाम’ (१९६२) हा सिनेमा या भांडणाचा राजा आहे. दिग्दर्शक म्हणून नाव अब्रार अल्वींचं, निर्माता गुरुदत्त. उत्कृष्ट दिग्दर्शकाचं फिल्मफेअरही अल्वींनाच मिळालं. तरी आजही लोक छातीठोकपणे सांगतात की तो गुरुदत्तनेच केला. पुरावा काय? ‘प्यासा’ आणि ‘कागज के फूल’सारखा दिसतो. शिवाय ‘कागज के फूल’ १९५९ मध्ये आपटला आणि त्यानंतर गुरुदत्तने दिग्दर्शक म्हणून स्वतःचं नाव कुठल्याच सिनेमाला लावलं नाही, म्हणजे नाव लपवायला कारणही होतं. आणि अल्वींचा दिग्दर्शक म्हणून दुसरा सिनेमा तुलनेला मिळत नाही.

आता थांबा आणि या ‘सारखा दिसतो’कडे नीट बघा. तिन्ही सिनेमांत लेखनात अल्वी आहेत आणि कॅमेऱ्यामागे व्ही. के. मूर्ती. ‘कागज के फूल’मधला तो आभाळातून उतरल्यासारखा प्रकाशाचा झोत मूर्तींनी स्टुडिओबाहेरचं ऊन आरशांवरून आत वळवून आणला होता. मग तिन्ही सिनेमे सारखे दिसतात यावरून गुरुदत्त कसा सिद्ध होतो? सारखेपणा मूर्तींचा असेल, अल्वींचा असेल.

म्हणून वजाबाकी करा. गुरुदत्तचा पहिला सिनेमा ‘बाझी’ (१९५१) लावा. त्यात अल्वी नाहीत, लेखन बलराज साहनींचं. छायालेखन व्ही. रात्रांचं, मूर्ती तेव्हा त्यांचे सहायक. तरीही गाणं गोष्टीच्या आत मुरवण्याची हातोटी आणि चेहऱ्याला जाऊन भिडणारा कॅमेरा तिथे दिसतोच. म्हणजे एवढं गुरुदत्तचं स्वतःचं. मग उलट बाजू: अल्वींनी लिहिलेला, पण गुरुदत्त नसलेला ‘सूरज’ (१९६६) बघा. राजपुत्रांचा, तलवारबाजीचा मसाला. ‘साहिब बीबी’तल्या हवेलीचा मागमूसही नाही.

एवढं करून माझा निकाल काय, असं मुलं विचारतात. अल्वींचं नाव तिथेच राहील. छाप गुरुदत्तची आहे हे मी मान्य करते, पण छाप दिसणं आणि सेटवर उभं राहून सिनेमा करणं यांत फरक आहे. संशयाचा फायदा आपल्याकडे नेहमी प्रसिद्ध माणसाला मिळतो. तुम्ही तो उलट द्या: ज्याचं नाव श्रेयनामावलीत आहे त्याचं नाव पुसायचं असेल तर पुरावा पुसणाऱ्याने आणायचा, आणि ‘वाटतं’ हा पुरावा धरायचा नाही.

संकलनाच्या बाबतीत ही वजाबाकी फार चालत नाही, हे माझ्या धंद्याचं दुखणं. एडिटरने काय फेकलं ते तुम्हाला कधीच दिसत नाही. एका मालिकेत रडण्याचा प्रसंग होता, टेक सगळे कोरडे. मी रशेस मागे नेले तर ‘ॲक्शन’ म्हणण्याआधी ती मुलगी दमून लाइटमनकडे बघत होती, ती नजर सापडली. तीच लावली. एपिसोड गेल्यावर कौतुक झालं दिग्दर्शकाच्या ‘हाताळणी’चं. आता यात त्याला शून्य द्यायचं का? नाही. चॅनलच्या ईपीने, म्हणजे एक्झिक्युटिव्ह प्रोड्यूसरने, तो शॉट काढायला सांगितला होता, आणि हा माणूस त्यासाठी आडवा पडला. शोधलं मी, राखलं त्याने.

यातून तिसरा प्रश्न निघतो, आणि मला तो सगळ्यात उपयोगी वाटतो: दुसऱ्याची चांगली कल्पना आली तेव्हा ‘हो’ कोण म्हणालं? ‘सायको’ (१९६०) मधल्या न्हाणीघरातल्या खुनाला संगीत नको, असं दिग्दर्शक हिचकॉकचं म्हणणं होतं. संगीतकार बर्नार्ड हरमनने तरीही ते किंचाळणारं व्हायोलिन लिहिलं. हिचकॉकने ऐकलं आणि स्वतःचा शब्द मागे घेतला. सूर शंभर टक्के हरमनचे. पण हट्ट सोडणं हेही दिग्दर्शनाचंच काम आहे, आणि नावाजलेल्या माणसाला ते जास्त जड जातं.

उलटंही होतं. सत्यजित राय ‘तीन कन्या’पासून (१९६१) स्वतः संगीत द्यायला लागले, पुढे कॅमेराही स्वतः चालवायचे. तिथे त्यांना जास्तीचं श्रेय बिनधास्त द्या. मात्र ‘अपराजितो’मधल्या (१९५६) बनारसच्या घरातला तो मऊ, सावली नसलेला उजेड ‘रायांचा’ म्हणू नका. ते अंगण कलादिग्दर्शक बन्सी चंद्रगुप्तांनी स्टुडिओत उभारलं होतं, आणि वर पांढरं कापड ताणून त्यावरून प्रकाश खाली परतवला तो कॅमेरामन सुब्रत मित्रांनी.

कागद सापडला तर मुलाखती बाजूला ठेवा. माणसं तीस वर्षांनी खोटं बोलतात असं नाही, पण स्वतःचा वाटा त्यांना जास्त स्पष्ट आठवतो. ‘सिटिझन केन’ची पटकथा मुख्यतः सहलेखक मँकिविझची, दिग्दर्शक ऑर्सन वेल्सची जवळजवळ नाहीच, असा गदारोळ समीक्षक पॉलिन केल यांच्या १९७१ च्या लेखाने उठवला. पुढे अभ्यासक रॉबर्ट कॅरिंजर यांनी पटकथेचे एकामागून एक खर्डे शेजारी ठेवून वाचले, तेव्हा वेल्सचा हात स्पष्ट दिसला.

कायद्याकडे मात्र न्याय मागायला जाऊ नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सिनेमाचा कर्ता म्हणजे निर्माता. दिग्दर्शकाचं तिथे नावही नाही, हे ऐकून हॉलवरचे भावी दिग्दर्शक जरा गप्प होतात.

एकाच नावाचा हट्टही गरजेचा नाही. ‘संत तुकाराम’ला (१९३६) दिग्दर्शक दोन, दामले आणि फत्तेलाल. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनीही वर्षानुवर्षं जोडीने नाव लावलं. त्यांतलं कुणाचं किती, हे विचारायची मला तरी कधी गरज वाटली नाही.

आता तुमच्यातले जे उपवनला किंवा येऊरला मोबाइलवर शॉर्टफिल्म करतात त्यांच्यासाठी. नावं शूटिंगच्या आधी ठरवा आणि ग्रुपवर लिहून टाका. कोण लिहितंय, कोण कापतंय, दोघांनी मिळून लिहिलं तर कुणाचं नाव आधी. स्क्रिप्ट स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवून ठेवा. सलीम-जावेदसारख्या लेखकांनाही ‘जंजीर’च्या (१९७३) पोस्टरवर आपली नावं रंगवून घ्यायला स्वतःच माणूस पाठवावा लागला होता. एडिट करताना कुणी चांगली सूचना केली तर तेवढ्यावर त्याला सहदिग्दर्शक करू नका, ‘विशेष साहाय्य’ पुरतं. आणि ज्यांच्या घरात दिवसभर लाइट लावून धिंगाणा घातलात, त्या काकूंचं नाव ‘आभार’मध्ये पूर्ण टाका, आडनावाचं शुद्धलेखन त्यांनाच विचारून.