सामायिक कन्सोल पोर्ट: टाइप कोण करणार, ब्रेक कोण पाठवणार

दहा-वीस सर्व्हरच्या सिरियल पोर्टवर, म्हणजे कन्सोलवर, चार-पाच अ‍ॅडमिन काम करत असतील, तर कन्सर्व्हर हा कन्सोल वाटून देणारा प्रोग्रॅम वापरा. त्यात एका कन्सोलवर एका वेळी एकच जण टाइप करतो आणि बाकीचे नुसते पाहतात. ही शिस्त आयती मिळते, पण हक्क कोणाला हे तुम्हालाच लिहून द्यावं लागतं. त्याची नमुना कॉन्फिगरेशन फाइल तशीच उचललीत तर ‘आरडब्ल्यू’ (वाचणं-लिहिणं) पुढे तारांकन राहतं, म्हणजे सगळ्यांनाच लिहायची मुभा. ते आधी काढा. ‘आरडब्ल्यू’त अ‍ॅडमिनचा गट टाका, निरीक्षकांना ‘आरओ’त (फक्त वाचणं) ठेवा. बदल केल्यावर ‘कन्सर्व्हर -एस’ने फाइल तपासा, मग फाइल पुन्हा वाचली जावी म्हणून प्रोसेसला ‘हप’ सिग्नल द्या. रीस्टार्टची गरज नाही.

जोडल्यावर कन्सोल आधीच कोणाकडे असेल, तर तुम्ही आपोआप पाहणाऱ्यांत बसता. आत काय चाललंय ते आधी बघा. कंट्रोल-ई, सी, डब्ल्यू दाबलं की कोण बसलंय ते दिसतं. त्याला फोन करा. उत्तर नाही आणि काम खोळंबलंय, तरच कंट्रोल-ई, सी, एफ. यानं हक्क हिसकावला जातो आणि समोरच्याला तुमच्या नावासकट तसा संदेश जातो. मात्र तो एफएसचेक (डिस्कवरच्या फाइल सिस्टिमची तपासणी) किंवा फर्मवेअर अपडेटच्या मधोमध असेल, तर त्याच्या अर्धवट ओळीला तुमची अक्षरं चिकटतील. काम झालं की कंट्रोल-ई, सी, एस दाबून हक्क सोडा.

आता ब्रेक, कारण खरा धोका इथंच आहे. कंट्रोल-सी म्हणजे एक साधं अक्षर, ते चालू प्रोग्रॅमला थांबवतं. ब्रेकमध्ये अक्षरच नसतं; लाइन एका पूर्ण अक्षराच्या वेळेपेक्षा जास्त काळ शून्यावर धरली जाते. ९६०० बॉडला (बॉड म्हणजे लाइनचा वेग) ती वेळ जेमतेम १ मिलिसेकंद. सन कंपनीच्या स्पार्क सर्व्हरवर ब्रेक पोचला की सोलारिस ही ऑपरेटिंग सिस्टिम थांबते आणि समोर फर्मवेअरचं ‘ओके’ येतं. तिथं ‘गो’ टाइप केलं की मशीन पुढे चालू लागतं. घाबरून ‘बूट’ दाबू नका. लिनक्समध्ये सिसआरक्यू (कर्नलला, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याला, थेट आज्ञा द्यायची सोय) चालू असेल, तर ब्रेकनंतर ५ सेकंदांत आलेलं अक्षर थेट कर्नलची आज्ञा ठरतं: ‘बी’ आलं तर तत्काळ रीबूट, डिस्क सिंक न करता.

कोणी न पाठवताही ब्रेक जातो. टर्मिनल सर्व्हरची (सिरियल लाइनी नेटवर्कला जोडणाऱ्या यंत्राची) वीज गेली-आली, केबल उपटली किंवा बॉड चुकला, की मशीनला तो ब्रेकच वाटू शकतो. म्हणून सोलारिसवर ‘केबीडी -ए ऑल्टरनेट’ लावा. मग एंटर, टिल्डा (~), कंट्रोल-बी हा क्रम आल्याशिवाय मशीन थांबत नाही. रीबूटनंतरही तसंच राहावं, तर सोलारिस १० किंवा त्याआधीच्या आवृत्तीत ‘ईटीसी/डिफॉल्ट/केबीडी’मध्ये ‘कीबोर्ड_अबॉर्ट’ची किंमत ‘ऑल्टरनेट’ करा. मुद्दाम ब्रेक द्यायचा असेल तेव्हा कंट्रोल-ई, सी, एल, ०. नुसतं पाहणाऱ्याला हे करता येत नाही, म्हणून ‘आरओ’ची यादी काळजीपूर्वक भरा.

राहिलं ते उघडं सोडलेलं रूट, म्हणजे सगळे हक्क असलेलं खातं. कंट्रोल-ई, सी, टिंबाने बाहेर पडलात तरी सिरियल लाइनवरचं लॉगिन तसंच राहतं आणि पुढचा माणूस पासवर्डशिवाय रूट होतो. आधी ‘एक्झिट’, मग टिंब. शिवाय बॅशमध्ये ‘टीएमआउट=६००’ ठेवा, म्हणजे १० मिनिटं काहीच टाइप झालं नाही तर शेल बंद होईल.