एफटीपी लागेना? आधी ती लाल ओळ वाचा

बेळगावच्या शहापुरातल्या एका साडीवाल्या काकांचा फोन आला, "अरे ये की जरा, साईटवर नव्या साड्यांचे फोटो चढेनात बघ, ते फाईलझिला नुस्तं लाल लाल दाखवूलालंय." फाईलझिला म्हणजे एफटीपीने, म्हणजे साईटच्या सर्व्हरवर फाईली चढवायच्या पद्धतीने, फोटो पाठवायचं सॉफ्टवेअर. फोनवर काय कळणार, गेलो दुकानात, तोवर त्यांच्या पोराने वीसेक वेळा क्विककनेक्ट हे जोडणीचं बटण दाबून झालेलं, आणि खरी गोची तिथेच झाली होती.

लॉग, म्हणजे फाईलझिलात येणाऱ्या ओळींची नोंद, वर सरकवून बघितला तर सुरवातीला सगळीकडे 530. म्हणजे सर्व्हरपर्यंत पोचलोय पण युजरनेम नायतर पासवर्ड चुकलाय. खाली खाली येताना 530 गायब आणि 'कनेक्शन टाइम्ड आउट आफ्टर 20 सेकंद्स' सुरू. सारखा चुकीचा पासवर्ड गेला की होस्टिंग कंपनीचं फायरवॉल, म्हणजे सर्व्हरचा राखणदार, तुमचा आयपीच (तुमच्या नेटचा पत्ता) ब्लॉक करतं, मग बरोबर पासवर्ड टाका नायतर काहीही टाका, दार बंद. पोरगं म्हणतंय सर्व्हर डाऊन आहे. डाऊन कुठला, मोबाईलचा हॉटस्पॉट लावला की तीच साईट दोन सेकंदात उघडते! तुम्हीपण हेच करा, फक्त हॉटस्पॉटवरून परत चुकीचा पासवर्ड मारू नका, नायतर तोही आयपी जायचा. हॉटस्पॉटवर लागलं तर घरचा आयपी ब्लॉक आहे, तो सपोर्टला कळवून उघडून घ्यायचा.

आता पासवर्ड का चुकत होता ते ऐका. दुकानातल्या कॉम्प्युटरवर पावत्या कन्नडात टाइप करतात, कीबोर्ड कन्नडवरच राहिलेला, आणि पासवर्डच्या जागी नुसती टिंबं दिसतात त्यामुळे कुणाला पत्ताच नाही. आपल्याकडे बेळगाव, निपाणी, खानापूर सगळीकडे एकाच मशीनवर दोन-तीन भाषा असतात म्हणून सांगतो, पासवर्ड आधी नोटपॅडमध्ये टाइप करून डोळ्याने बघा, मग कॉपी-पेस्ट करा. व्हॉट्सॲपवरून उचलला असेल तर शेवटी एखादी स्पेस चिकटलेली असते तीपण काढा. सीपॅनेलमध्ये (होस्टिंग सांभाळायचं पान) वेगळं एफटीपी अकाउंट काढलं असेल तर युजरनेम अर्धं चालत नाही, ॲट आणि डोमेनसकट पूर्ण लागतं.

'कनेक्शन रिफ्यूज्ड' आलं तर बहुतेक वेळा पोर्टचा, म्हणजे सर्व्हरच्या दाराच्या नंबरचा, घोळ. एफटीपीला 21, एसएफटीपीला 22, नाव सारखं वाटलं तरी दोन्ही वेगळी प्रकरणं आहेत. होस्टचं नावच सापडत नसेल आणि नेमसर्व्हर (डोमेनचा पत्ता सांगणारे सर्व्हर) कालपरवा बदलले असतील तर एकदोन दिवस जातात, तोवर होस्टच्या जागी सर्व्हरचा आयपी टाका. क्लाउडफ्लेअर या साईटच्या पुढे बसणाऱ्या सेवेत नारंगी ढग चालू असला तरी आयपीच टाका, त्या ढगातून फक्त वेबसाईटचा ट्रॅफिक जातो, एफटीपी नाही.

सगळ्यात जास्त डोकं खाणारी एरर म्हणजे लॉगिन होतं पण फाईलींची यादी येत नाही. एफटीपी दोन कनेक्शनवर चालतं, 21 वर नुसतं बोलणं, फाईली आणि यादी दुसऱ्या पोर्टवरून. ॲक्टिव्ह मोडमध्ये ते दुसरं कनेक्शन सर्व्हर आपल्याकडे करायला बघतो आणि आपला राउटर त्याला आत घेत नाही. म्हणून फाईलझिलाच्या साईट मॅनेजरमध्ये ट्रान्सफर सेटिंग्जला जाऊन पॅसिव्ह करा. तरी अडकलं तर लॉगमध्ये 227 ची ओळ शोधा, कंसात सहा आकडे असतात, त्यातले शेवटचे दोन समजा 195,80 असतील तर 195 गुणिले 256 अधिक 80, म्हणजे पोर्ट 50000. हा आकडा सपोर्टला दिला की त्यांना लगेच कळतं काय उघडायचं ते. अँटीव्हायरसपण मध्ये पाय घालतो, दोन मिनिटं बंद करून बघा.

421 आलं तर एकावेळी जास्त कनेक्शन झालीत, त्या ट्रान्सफर सेटिंग्जमध्येच कनेक्शनची मर्यादा 1 करा. अपलोड चालू असताना लाईट गेली की जुनी कनेक्शनं सर्व्हरवर लटकून राहतात, ती सुटेपर्यंत चहा पिऊन या. 550 म्हणजे बहुतेक फोल्डर चुकलाय किंवा परमिशन नाही, पब्लिक एचटीएमएल या साईटच्या मुख्य फोल्डरमध्ये आहात का बघा.

काही लोक एन्क्रिप्शन (मजकूर कुलूपबंद करून पाठवणं) काढून प्लेन एफटीपी लावा म्हणतात. लागतं खरं, पण पासवर्ड उघडा जातो, मी तरी करत नाही.

आणि सपोर्टला तिकीट टाकताना "चालत नाही" एवढंच लिहू नका, लॉगवर राइट क्लिक करून सगळा मजकूर कॉपी करून द्या, पासवर्डच्या जागी त्यात फुल्याच असतात.