चित्रांच्या जागा पक्क्या केल्या

आमचा मुलगा बोलण्यासाठी टॅबलेटवरील चित्रावर बोट ठेवतो आणि यंत्र त्या चित्राचा शब्द उच्चारते. मालवणच्या घरात ‘पेज’, ‘बांगडो’, ‘होडी’ असे शब्द वाढत गेले, तसतशी ॲपने चित्रे आपोआप नव्या क्रमाने मांडली आणि पूर्वी सरळ ‘अजून’वर जाणारे बोट पडद्यावर घुटमळू लागले.

अडचण आकलनाची नव्हती, हालचालीची होती. फिट्स आणि पोझ्नर या मानसशास्त्रज्ञांनी १९६७ मध्ये कौशल्य आत्मसात होण्याचे तीन टप्पे मांडले: आधी विचारपूर्वक, मग चुका सुधारत, शेवटी आपोआप. जागाच बदलली, तर हाताने कमावलेली वाट फुकट जाते.

म्हणून आपोआप क्रम लावण्याची सोय बंद केली, चित्रांसाठी जास्त घरे असलेली मोठी चौकट निवडली आणि न शिकवलेले शब्द काढून न टाकता त्यांच्या जागीच लपवले, जेणेकरून नवा शब्द उघडताना जुना हलणार नाही. ‘नको’ मात्र प्रत्येक पानावर खालच्या डाव्या कोपऱ्यात ठेवला. घरात सर्वाधिक चालणारा शब्द तोच, हे सांगायला नको. पडद्यावर चित्रांच्या जागी छिद्रे असलेली पारदर्शक पट्टी बसवली. बोट छिद्राच्या कडेला टेकून स्थिरावते. दमट हवेत घामेजलेल्या बोटाचा स्पर्श दोनदा नोंदला जाई, त्यासाठी लागोपाठचा स्पर्श न मोजण्याची सेटिंग लावली. शब्द शिकवताना मुलाचा हात धरून दाबण्याऐवजी आम्हीच त्या चित्रांवर बोट ठेवून बोलतो.

आता ‘नको’ दाबताना त्याची नजर ताटावर असते. टॅबलेट बदलावा लागला, तर पडद्याचा आकार तोच घेणार आहोत. पानांची प्रत पेनड्राइव्हवर आहेच.