प्लॅब टू: स्टेशन ओळखीचं वाटलं की सावध व्हा

प्लॅब, म्हणजे बाहेरच्या डॉक्टरांना यूकेत काम करण्यासाठी द्यावी लागणारी परीक्षा. तिचा लेखी भाग, प्लॅब वन, झालाय, प्रॅक्टिकल भागाची, म्हणजे प्लॅब टूची डेट हातात आहे आणि आता पोटात गोळा आलाय, अशांसाठी हे लिहितोय. इंग्रजीसाठी आयईएलटीएस की ओईटी, व्हिजिटर व्हिसा, राहायचं कुठे हे सगळं तुम्ही आधीच चघळून झालं असणार, त्यात वेळ घालवत नाही. पॅटर्नही माहीत असेल, 16 स्टेशन (एकेका खोलीत एकेक केस, समोर बहुतेकदा पेशंट झालेला ॲक्टर आणि मार्क देणारा एक्झामिनर), प्रत्येकी 8 मिनिटं, आत जायच्या आधी दीड मिनिट वाचायला. डेटा गॅदरिंग (माहिती काढणं), मॅनेजमेंट (पुढे काय करायचं ते) आणि इंटरपर्सनल (बोलणं-वागणं) अशी तीन डोमेन, प्रत्येकाला 4, म्हणजे एका स्टेशनला 12 मार्क. एकूण स्कोअरही यावा लागतो आणि ठरावीक स्टेशनंही पास व्हावी लागतात, त्यामुळे चार-पाच स्टेशनं जबरदस्त केली आणि बाकीची कशीतरी, असं चालत नाही.

माझं पहिल्यांदा नाही झालं. नॉलेज कमी पडलं म्हणून नाही हो, तेच तर जास्त लागलं. इंटर्नशिपनंतर कॅज्युअल्टीत ड्युट्या मारलेल्या, पेशंट बघायची भीती अशी नव्हतीच. रिझल्टबरोबर जीएमसी, म्हणजे तिकडची मेडिकल कौन्सिल, फीडबॅक देते, एक्झामिनर लोकांनी कुठल्या बाबतीत तुमच्यावर खूण केली ते. टाइम, डायग्नोसिस, मॅनेजमेंट, रॅपो (पेशंटशी सूर जुळणं) अशी हेडिंग्ज असतात. माझ्याकडे गर्दी होती ती 'लिसनिंग' आणि 'इश्यूज'मध्ये. म्हणजे समोरचा काय म्हणतोय ते ऐकलं नाही आणि मुख्य प्रश्न काय आहे तेच पकडलं नाही. पहिले काही दिवस मी हे मान्यच केलं नाही, मला वाटलं ॲक्सेंटमुळे झालं असेल. ॲक्सेंटमुळे नव्हतं.

आता नेमकं काय होतं ते जरा सविस्तर सांगतो, कारण बाकी सगळं तुम्हाला कुठेही मिळेल, हे मात्र कोणी नीट सांगत नाही. परीक्षेतलं खरं स्टेशन सांगता येत नाही, जीएमसीची सक्त मनाई आहे आणि तसं करणं लायसन्सच्या अंगाशी येऊ शकतं, म्हणून हे मी बनवलेलं उदाहरण. दाराबाहेर लिहिलंय: जीपी (फॅमिली डॉक्टर) क्लिनिक, 26 वर्षांची मुलगी, डोकं दुखतंय, हिस्टरी घ्या आणि मॅनेजमेंट बोला. हे वाचल्याबरोबर डोक्यात 'हेडेक स्टेशन' उघडतं. सॉक्रेटिस (दुखण्याबद्दलचे प्रश्न लक्षात ठेवायचा फॉर्म्युला), रेड फ्लॅग (धोक्याच्या खुणा), अचानक आलं का, मान आखडते का, ताप, उलटी, नजर, सगळं रांगेत उभं राहतं आणि आत गेल्यावर तुम्ही ते आरतीसारखं म्हणायला लागता, तोंड चालू आणि मन प्रसादाकडे. मुलगी मध्येच म्हणते, "माझ्या मावशीचं पण असंच सुरू झालं होतं." तुम्ही म्हणता "ओके" आणि पुढचा प्रश्न, उजेडाचा त्रास होतो का. संपलं. तिने दार उघडून दिलं होतं, तुम्ही ते तिच्या तोंडावर बंद केलंत.

मावशीला ब्रेन ट्यूमर होता आणि ही मुलगी त्याच भीतीने आलीये, हे तिला सांगायला लावणारा प्रश्न तुम्ही विचारला नाही तर ती स्वतःहून सांगणार नाही, ॲक्टरला तशाच सूचना असतात. त्यातच दुखायच्या आधी तिला नागमोडी चमकत्या रेषा दिसतात आणि ती कंबाइंड पिल (दोन हार्मोनची गर्भनिरोधक गोळी) घेते, हे दोन्ही तुम्ही वेगवेगळे टिक केले पण एकत्र जोडले नाहीत. ऑरा (त्याच चमकत्या रेषा) असलेल्या मायग्रेनमध्ये कंबाइंड पिल बंद करायला सांगायची, स्ट्रोकची रिस्क, आणि नुसतं बंद करा म्हणून सोडायचं नाही, प्रोजेस्टोजेन-ओन्ली (एकाच हार्मोनचे) पर्याय बोलायचे. हे प्लॅब वनमध्ये तुम्ही झोपेत बरोबर केलं असतं. इथे हुकतं कारण तुम्ही मुलीशी बोलतच नव्हता, पाठ केलेल्या कागदाशी बोलत होता. एकाच स्टेशनमध्ये तीनही डोमेन गळतात, ते असे.

आणि हे नेमकं भरपूर तयारी केलेल्यांचंच होतं. कमी वाचलेला माणूस घाबरून का होईना पण ऐकतो.

म्हणून रिकॉल (आधी बसलेल्यांनी आठवून लिहिलेली स्टेशनं) आणि 'या महिन्यात येणारी स्टेशनं' असल्या पीडीएफ विकणारे, वाटणारे, सगळ्यांबद्दल माझं मत वाईट आहे. नियमात बसत नाही हे एक, पण त्याहून मोठा तोटा म्हणजे स्टेशन ओळखल्याचा आनंद. तो आनंद झाला की कान बंद. कोचिंग अकादमी कराव्यात का? करा, ज्यांनी आयुष्यात कधी ओएससीई (अशी स्टेशनांची परीक्षा) पाहिली नाही त्यांना मॅनिकिन, बेल, फिरायची सवय तरी होते. पण तिथल्या ठरीव वाक्यांना भुलू नका. मला एका सरांनी शिकवलेलं, दर दोन मिनिटांनी "आय ॲम सॉरी टू हिअर दॅट" टाका. गुडघा खरचटला तरी सॉरी, आई गेली तरी सॉरी, त्याच चालीत. समोरच्याला ते खोटं वाटतं आणि एक्झामिनरला त्याहून खोटं. "मावशीचं झाल्यावर तुम्हाला असं वाटणं साहजिक आहे, नेमकी कसली भीती वाटतेय?" एवढं मनापासून विचारलंत तरी बास. आइस म्हणजे आयडिया, कन्सर्न, एक्स्पेक्टेशन्सपण तसंच, तीनही प्रश्न एका दमात फेकले की माणूस गांगरतो. तिने जिथे धागा सोडला तिथेच कन्सर्न विचारा, लिस्टमध्ये तो कितव्या नंबरवर होता याला काही अर्थ नाही.

मी दुसऱ्या वेळी बदललं ते फार मोठं नाही. दाराबाहेरच्या दीड मिनिटात डायग्नोसिसचा विचार बंद. त्याऐवजी तीन गोष्टी बघायच्या, मी कोण आहे (एफवाय टू, म्हणजे तिकडचा ज्युनिअर डॉक्टर, कुठल्या डिपार्टमेंटला), समोर कोण आहे (पेशंट, आई, फोनवर नातेवाईक, की ज्युनिअर), आणि मला नेमकं काय करायला सांगितलंय. आत गेल्यावर पहिला प्रश्न उघडा आणि मग गप्प. गप्प बसणं फार अवघड जातं, आपल्या ओपीडीत कोणी गप्प बसलंय का, बाहेर शंभर पेशंट रांगेत असतात, "काय होतंय, कधीपासून, ताप आहे?" आणि पुढचा. ती सवय वाईट नाही, तिथे तीच लागते. पण मँचेस्टरला परीक्षेला जाताना ती घरी ठेवून जायची.

तसंच नातेवाइकांचं. आपल्याकडे कॅन्सर निघाला की मोठ्या मुलाला बाजूला घेऊन सांगतो आणि आजोबांना "थोडी गाठ आहे, बरी होईल." तिकडे आधी पेशंट. मुलगा फोनवर कितीही ओरडला तरी पेशंटच्या परवानगीशिवाय काही नाही सांगायचं, आणि तरी त्याला झिडकारायचं नाही, त्याची काळजी ऐकून घ्यायची. 15 वर्षांची मुलगी कॉन्ट्रासेप्शन मागायला आली तर "आईला घेऊन ये" म्हणून परत पाठवायचं नाही, गिलिक आणि फ्रेझर (आई-वडिलांशिवाय अल्पवयीन पेशंटला कधी उपचार देता येतात याचे नियम) नीट समजून घ्या, आणि पार्टनर किती मोठा आहे, जबरदस्ती तर नाही ना, हे विचारायला विसरू नका. पहिली फिट आलेल्या माणसाला गाडी चालवायची नाही आणि डीव्हीएलएला (तिकडचं आरटीओ) स्वतः कळवायचं हे सांगायचं, खासगी गाडीसाठी साधारण 6 महिने, आणि तो टॅक्सीवाला असेल तर त्याच्या पोटावर पाय येतोय हे समजून बोलायचं. असली एथिक्सची स्टेशनं आपली पोरं वाचतच नाहीत, म्हणतात कॉमन सेन्स आहे. आपला कॉमन सेन्स वेगळ्या मातीत वाढलाय बाबांनो.

ॲक्यूट (इमर्जन्सीच्या) स्टेशनांना उलट घाबरू नका. तिथे पाठांतर खरंच कामाला येतं, एबीसीडीई (श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण अशा क्रमाने तपासणं) मोठ्याने बोलत करायचं, ॲनाफिलॅक्सिसला (जीवघेणी ॲलर्जी) मोठ्या माणसाला ॲड्रेनलिन 500 मायक्रोग्राम मांडीत, लवकर सीनिअरला फोन. हातावर घड्याळ, लांब बाह्या नकोत. एवढंच.

प्रॅक्टिस पार्टनरबद्दल एक हट्टी मत आहे, पटलं तर घ्या. कॉलेजच्या मित्राबरोबर करू नका. मी आणि माझा रूममेट दोघेही मराठी, अर्ध्या वाक्यात एकमेकांचं कळायचं आणि आम्ही एकमेकांना पासच करत सुटायचो. नंतर एक नायजेरियन डॉक्टर पार्टनर मिळाली, ती रोज तोंडावर सांगायची की मी दोनदा वेगळी हिंट दिली, तुला एकदाही दिसली नाही. दर वेळी राग यायचा. पण सुधारणा तिच्यामुळेच झाली. स्वतःचं रेकॉर्डिंगही ऐका, लाज वाटते पण ऐका, फक्त एवढंच मोजायचं की आपण किती वेळा समोरच्याचं तोडलं. इंग्रजी साधं चालतं. खोटा ब्रिटिश ॲक्सेंट काढू नका प्लीज, हसू येतं.

आणि एक-दोन स्टेशनं वाईट गेली तर जाऊ द्या. बाहेर आल्यावर पुढच्या दारावर पुढचा पेशंट आहे, आधीच्याचं त्याला काही देणंघेणं नाही, नवा एक्झामिनर, नवे 12 मार्क. माझं पास झालेल्या वेळीही एक स्टेशन पार धुपलं होतं. अजून आठवलं की कान तापतात.

पैशांचं शेवटी बोलतो कारण आधी बोललो असतो तर वाचलं नसतंत. फी साधारण हजार पाउंडाच्या घरात, वर तिकीट, राहणं, अकादमी. जमलं तर, परीक्षा परत द्यावी लागली तर किती लागतील, हा हिशोब पहिल्यांदाच करून ठेवा. आणि पास झालं की रजिस्ट्रेशनचं काम 2 वर्षांत उरकायचं असतं, पण सध्या तिकडे नोकऱ्यांची मारामार आहे, एका साध्या नॉन-ट्रेनिंग पोस्टला शेकड्यांनी अर्ज पडतात आणि एनएचएसचा (तिकडची सरकारी आरोग्यसेवा) अनुभव नसलेल्याला कॉलही येत नाही असं होतं. मला वेळ लागला, तुम्हालाही लागू शकतो, तोवर इथली नोकरी सोडू नका. घरच्यांना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर पास झाल्यापासून दर रविवारी आत्याचा फोन, "काय रे, लागलास का मग लंडनला?"