ऑनलाइन खरेदी: रिफंडच्या घाईत होणाऱ्या या चुका टाळा

वस्तू घेताना आपण पुष्कळ काळजी घेतो. चार ठिकाणी भाव बघतो, रिव्ह्यू वाचतो, कुणाला तरी विचारतो. पण साडीचा रंग भलताच आला, मिक्सरचं भांडं तडकलेलं निघालं किंवा पार्सल आलंच नाही, की जीव त्या पैशात अडकतो. भामट्यांना नेमकी हीच वेळ हवी असते. म्हणून खरेदीपेक्षा खरेदीनंतरच्या चुकांबद्दल इथे जास्त लिहायचं आहे.

कस्टमर केअरचा नंबर गुगलवर शोधणं

सगळ्यात महागात पडते ती हीच चूक. सर्च केल्यावर वर दिसणारा नंबर कंपनीचाच असेल, याची काही खात्री नसते. जाहिराती देऊन, नकाशावरच्या नोंदी बदलून, सोशल मीडियावर पोस्ट टाकून हे लोक आपले नंबर पेरून ठेवतात. फोन लावला की पलीकडचा माणूस अदबीनं बोलतो, ऑर्डर नंबर विचारतो, झालेल्या त्रासाबद्दल माफीही मागतो. मग "रिफंडचा फॉर्म पाठवतो" म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप बसवणारी फाइल) येते, किंवा स्क्रीन शेअर करणारं एखादं अ‍ॅप घ्यायला सांगतात. ते घेतलंत की तुमच्या फोनवर आलेला ओटीपी त्यांनाही दिसू शकतो.

दुसरा प्रकार याहून साधा आहे, आणि शिकलेली माणसंही त्यात सापडतात. यूपीआय अ‍ॅप उघडायला लावतात, एक नंबर टाकायला सांगतात आणि म्हणतात, "आता रकमेच्या चौकटीत तुमचा रिफंड कोड टाका, २४९९९. हे पैसे नाहीत हो, कोड आहे." पुढे पिन मागितला जातो. पिन टाकला की २४,९९९ रुपये गेले. स्क्रीनवर पैसे पाठवत असल्याचं स्पष्ट लिहिलेलं असतं, पण कानाशी कुणी अखंड बोलत असलं की ते वाचलं जात नाही. पैसे मिळण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही, आणि क्यूआर कोडही स्कॅन करावा लागत नाही. शंका आली तर आधी फोन ठेवा, मग स्क्रीन वाचा.

खरा संपर्क अ‍ॅपमध्येच, तुमच्या ऑर्डरच्या पानावर मदतीच्या बटणाखाली मिळतो. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनुसार कंपनीला तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं बंधनकारक आहे. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं. ज्या साइटवर हे काहीच नाही, पत्ता नाही, नुसता व्हॉट्सअ‍ॅप नंबर आहे, तिथून काही घेऊच नये.

"पत्ता सापडत नाही, एवढा नंबर डायल करा"

डिलिव्हरी बॉय असल्याचं सांगून फोन येतो. *४०१* आणि त्यापुढे एक मोबाइल नंबर लावायला सांगतात. तसं केलंत की तुमचे सगळे कॉल त्या नंबरवर वळतात, फोनवरून ऐकवला जाणारा ओटीपीसुद्धा. चुकून केलं असेल तर ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग बंद करा आणि लगेच बँकेला कळवा.

कॅश ऑन डिलिव्हरी म्हणजे धोका नाही, असं समजणं

इन्स्टाग्रामवर "अस्सल हातमागाची येवला पैठणी, फक्त १,२००" अशी जाहिरात दिसते. येवल्यात हातमागावर एक पैठणी विणायला कित्येक दिवस, बारीक नक्षी असेल तर महिनेही लागतात. त्या भावात नुसतं रेशीम आणि जरसुद्धा येणार नाही. तरी "पैसे घरी आल्यावरच द्यायचे आहेत ना" म्हणून लोक मागवतात. कुरिअरवाला पैसे घेतल्याशिवाय पाकीट फोडू देत नाही. आतून पॉलिस्टरची साडी निघते, आणि लेबलवरचा पाठवणाऱ्याचा पत्ता अर्धवट असतो. कुरिअरवाल्याशी भांडण्यात अर्थ नसतो, विकणारा तो नव्हेच.

न मागवलेली पार्सलंही अशीच येतात. मुलानं मागवलं असेल असं वाटून घरातले आजी-आजोबा पैसे देऊन टाकतात. काही मागवलं असेल तर घरात सांगून ठेवा. महागडी वस्तू असेल तर ओपन बॉक्स डिलिव्हरी, म्हणजे दारातच खोकं उघडून वस्तू दाखवण्याची सोय, निवडा. ती सोय नसेल तर लेबल दिसेल असा, पाकीट फोडण्याच्या आधीपासूनचा सलग व्हिडिओ काढा. मध्येच थांबवलेल्या व्हिडिओवर विक्रेता बोट ठेवतो.

ब्राउझरमध्ये साइटच्या पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावर विसंबून राहू नका, हेही जाता जाता सांगायला हवं. त्याचा अर्थ इतकाच, की तुम्ही आणि ती साइट यांच्यातली माहिती वाटेत कुणाला वाचता येत नाही. साइटचा मालक कोण, हे त्यातून कळत नाही.

पैसे गेल्यावर गप्प बसणं

लाजेपोटी लोक घरात सांगत नाहीत, चॅट पुसून टाकतात. यानं सगळ्यात जास्त नुकसान होतं. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात भराभर फिरवले जातात, आणि मधल्या खात्यात ते अडले तरच परत मिळण्याची आशा असते. म्हणून आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. यूपीआयचा १२ अंकी व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा. सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साइटवर तक्रार नोंदवा, बँकेलाही लेखी कळवा.

रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या परिपत्रकात म्हटलंय, की चूक तुमची किंवा बँकेची नसून तिसरीकडची असेल आणि तुम्ही ३ कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमच्यावर जबाबदारी नाही. ओटीपी किंवा पिन स्वतःच दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, त्यानंतरचं बँकेचं. तिथेही वेळच महत्त्वाची. नंतर कुणी "तुमचे गेलेले पैसे काढून देतो, आधी फी भरा" म्हणून फोन केला, तर तो फसवणुकीचाच पुढचा अंक आहे, हे ओळखा.

विक्रेता खरा आहे, पण खराब माल बदलून देत नाही, असं असेल तर पोलिसांची वाट वेगळी आणि ग्राहक हक्काची वेगळी. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करा. तिथे भागलं नाही तर ग्राहक आयोग आहे. कंपनीचं ऑफिस बंगळूरला असो की गुरुग्रामला, २०१९ च्या कायद्यानं तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. वस्तूसाठी मोजलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही. तक्रार करायची मुदत २ वर्षांची आहे.